छायाचित्रण : नजरेचा रियाज

डोळे उघडे असले म्हणजे आपण पाहतोच असे नाही. रोजच्या वाटेवरील गोष्टी अतिपरिचयाने नजरेआड होतात. पांडेसऱ्यातील मिलची धुराडी, टेम्पोवर रचलेले साड्यांचे गठ्ठे, गच्चीवरची पिंपे यांच्यावरून आपली नजर सहज घसरून जाते. ही नजर जागी ठेवण्याचा एक उत्तम उपाय मला छायाचित्रणाच्या छंदात सापडला.

भिंगापुढे जे येईल ते सारे कॅमेरा टिपतो. निवड आपल्याला करावी लागते. प्रकाश कोठून येतो, मागे काय आहे, चौकटीत काय घ्यावयाचे आणि काय वगळावयाचे, हे ठरविताना मनुष्य क्षणभर थांबतो. त्या थांबण्यातच निरीक्षणाचा आरंभ आहे.

वैद्यक आणि छायाचित्रण यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजचे दोन्ही पदवीधर या कलेत रमले होते. त्या काळी काचेवर रसायनाचा थर देऊन ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे. अशा खटाटोपात आधी नीट पाहणे आणि मग टिपणे हा क्रम आपोआप पाळला जाई. आज मोबाइलवर शंभर चित्रे निघतात. तो क्रम मात्र आपल्याला प्रयत्नाने पाळावा लागतो.

आयुर्वेदाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली. यातील दर्शन रुग्णाच्या देहापाशी थांबू नये. एका यंत्रमाग कारखान्यात परवानगीने घेतलेल्या माझ्या चित्रात एक कारागीर दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलताना दिसतो. चित्र मुके असूनही त्यातला खडखडाट ऐकू येतो. कमी ऐकू येण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या कामगाराला आपण कोणते प्रश्न विचारावेत, हे ते चित्र सांगते.

पावसाळ्यात एकाच जागेवरून, एकाच वेळी, दर आठवड्याला एका गल्लीचे चित्र घेऊन पाहावे. डेंग्यू पसरविणारा एडीस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे लागोपाठच्या दोन चित्रांत तेच उघडे, भरलेले पिंप दिसले, तर तापाचा पहिला रुग्ण येण्यापूर्वीच शेजाऱ्यांना सावध करता येते. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत आपल्या कचऱ्याकडे डोळसपणे पाहावयास शिकली. तो धडा प्रत्येक गल्लीने जपावयास हवा.

मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. संमतीविना कोणाचा चेहरा टिपू नये. कोणाच्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडू नये. भिंगातून पाहताना समोरच्याविषयी आस्था वाढली, तरच नजर खऱ्या अर्थाने तयार झाली असे म्हणता येईल. मग हाती कॅमेरा नसला तरी चालते.