कुळथाच्या मुळाशी

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याच साली अमेरिकेत एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. क्रोन्सच्या आजाराने आतडी निकामी झालेल्या त्या तरुणाचं सगळं पोषण दीर्घकाळ शिरेतूनच चाललं होतं. हळूहळू त्याची छाती धडधडू लागली, डोकं ठणकू लागलं, रात्रीचं दिसेना, आणि शेवटी शुद्ध हरपली. शिरेतून जाणाऱ्या द्रावात मॉलिब्डेनम हा धातू नव्हता. अमोनियम मॉलिब्डेट रोज ३०० मायक्रोग्रॅम सुरू केल्यावर तो सावरला. पोषणात मॉलिब्डेनम कमी पडून माणूस आजारी झाला, याचं उदाहरण म्हणून आजही हाच रुग्ण पुढे केला जातो. चाळीस वर्षं उलटली तरी खटला एकाच साक्षीदारावर उभा आहे, म्हणा ना.

डॉक्टरांच्या कितीतरी आधी या धातूची दखल मातीवाल्यांनी घेतली होती. हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या अ‍ॅझोटोबॅक्टर जिवाणूचं मॉलिब्डेनमवाचून अडतं, हे हेर्मान बोर्टेल्स यांनी १९३० मध्ये दाखवलं. १९३९ मध्ये आर्नन आणि स्टाउट यांनी टोमॅटोच्या रोपांनाही ते लागतं हे सिद्ध केलं. पण कोकणी माणसाला यातला सर्वांत जवळचा वाटावा तो दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ए. जे. अँडरसन यांचा १९४२ चा शोध. तिथल्या लोहखड्यांच्या आम्लधर्मी जमिनीत क्लोव्हरचा चारा खुरटत होता, मात्र लाकडाची राख पडली तिथे तरारत होता. राखेत असं काय आहे, याचा माग काढत ते मॉलिब्डेनमपर्यंत पोचले.

आंबट, लोहाची जमीन आणि राख! मालवणच्या वाचकाला पुढचं सांगायला नको. जांभ्यापासून झालेल्या आपल्या मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं ठासून भरलेली आहेत. माती जितकी आम्ल, तितकी ती मॉलिब्डेनमला घट्ट धरून ठेवतात, मुळांना सोडत नाहीत. किनाऱ्यावरच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मायक्रोग्रॅम मॉलिब्डेनम विरघळलेलं, आणि बांधावरच्या पिकाला मात्र त्याची वानवा, असा हा उफराटा प्रकार. भाताच्या तरव्यासाठी कवळ, पालापाचोळा, शेण जाळून भाजावळ करायची इथली रीत जुनी. राखेने तेवढ्या वाफ्याचा आंबटपणा थोडा मोडतो, तेव्हा अडकलेलं मॉलिब्डेनमही थोडं सुटत असणार. अर्थात भाजावळ करणाऱ्याच्या मनात तण मारायचं आणि रोप जोमदार करायचं, एवढंच असे.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी पेरतात. फुलोऱ्याच्या सुमारास कुळथाचं एखादं रोप मुळासकट अलगद उपटून पाहावं. मुळांना बारीक गाठी लगडलेल्या दिसतात. नखाने गाठ चिरून आत गुलाबी-लाल दिसलं तर गाठ नायट्रोजन बांधायच्या कामाला लागलेली. हिरवट, फिकट निघाली तर ती नुसती बसून आहे. तिथल्या नायट्रोजन बांधणाऱ्या विकराच्या गाभ्यात लोहाच्या सात अणूंच्या जोडीला मॉलिब्डेनमचा एक अणू असतो. कडधान्यांत हा धातू भरपूर सापडतो, तो उगाच नाही.

माणसाच्या शरीरातलं त्याचं काम तुकड्यातुकड्याने कळलं. कच्चं दूध आणि उकळलेलं दूध वेगळं ओळखायची एक चाचणी शार्डिंगर यांनी १९०२ मध्ये काढली. तिच्यामागचं विकर म्हणजे झँथिन ऑक्सिडेज. त्यात मॉलिब्डेनम आहे हे कळायला १९५३ साल उजाडलं. हेच विकर युरिक अ‍ॅसिड बनवतं. तारल्या-कोळंबीच्या आपल्या मुलखात ते साचून पायाचा अंगठा वारंवार सुजणाऱ्यांना डॉक्टर अ‍ॅलोप्युरिनॉल देतात, ते याच विकराला लगाम घालतं. दुसरं विकर सल्फाइट ऑक्सिडेज. ते घातक सल्फाइटचं सल्फेट करतं. या विकरांत मॉलिब्डेनमला धरून ठेवणारा रेणू ड्यूक विद्यापीठातल्या के. व्ही. राजगोपालन यांनी उलगडला. तो रेणूच अंगात तयार होत नसलेली बाळं जन्मल्यावर लगेच झटक्यांनी बेजार होतात. त्यांतल्या एका प्रकारावर फॉस्डेनॉप्टेरिन हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

जास्त झालं तर काय, हा प्रश्न आपल्याकडे ज्वारीने आणला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले देवस्थळे आणि सी. गोपालन यांनी १९७४ मध्ये कमीजास्त मॉलिब्डेनमची ज्वारी माणसांना खाऊ घालून पाहिली. रोजचं प्रमाण १६० वरून १५४० मायक्रोग्रॅमवर नेल्यावर लघवीतून जाणारं तांबं २४ वरून ७७ मायक्रोग्रॅम झालं. युरिक अ‍ॅसिड मात्र हललं नाही. पुढे अमेरिकेत टर्नलंड यांच्या प्रयोगांत तांब्यावरचा हा परिणाम दिसला नाही. उलट रोज अवघ्या २२ मायक्रोग्रॅमवर चार तरुण १०२ दिवस राहिले आणि त्यांना काहीही झालं नाही. त्या आधारावर २००१ मध्ये अमेरिकेने प्रौढांसाठी रोजची गरज ४५ मायक्रोग्रॅम ठरवली.

४५ मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा बावीस हजारावा भाग! कुळथाची पिठी, आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं, अधूनमधून चवळीची उसळ असं जेवणाऱ्या घराला त्याची चिंता करायचं कारण नाही. ‘शरीरशुद्धी’च्या नावाने या धातूच्या गोळ्या विकल्या जातात. धडधाकट माणसाने त्यांवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिंता करायचीच तर कुळथाच्या वाफ्याची करावी. चुना टाकून आंबटपणा उतरवला की मातीत आहे तेच मॉलिब्डेनम पुष्कळदा पुरतं. वरून द्यायचं तर हेक्टरी काही ग्रॅमांचा हिशेब, आणि तोही माती तपासून, कारण जादा झालं तर चाराच बाधतो. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये मॉलिब्डेनमने माजलेल्या कुरणांवर चरून गुरं हगवणीने खंगत होती. त्यामागचं कारण १९३८ मध्ये सापडलं: चाऱ्यातलं जादा मॉलिब्डेनम. त्यामुळे त्यांना तांबं अंगी लागत नव्हतं.