विहिरीच्या पाण्यात फेस का येत नाही?

गावी विहिरीच्या पाण्याने दाढी करताना बाबा ब्रश घोळून घोळून दमतात, पण फेस काही येत नाही. दोष साबणाचा नव्हे, पाण्याचा! जमिनीत मुरताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरा साका बनतो. क्षार संपल्यावर जो साबण उरेल, तोच फेस देतो.

पाणी उकळून, निवळून पाहा. क्षार बायकार्बोनेटचे असतील तर ते तळाशी बसतील आणि फेस येईल. सल्फेटचे असतील तर उकळणे व्यर्थ!

आता दोन बाटल्यांत पावसाचे आणि विहिरीचे पाणी सारखेच घ्या. साबणाच्या पाण्याचे थेंब मोजून टाका व हलवा. टिकाऊ फेसासाठी कोणाला जास्त थेंब लागले?