टायरसाठी कापलेली गाडी

शाळेत घर्षणाच्या धड्यात एक वाक्य पाठ करून घेतलेलं असतं: घर्षण पृष्ठाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. वीट आडवी ओढा की उभी, जोर तेवढाच लागतो. मग अमेरिकेतल्या ड्रॅग रेसच्या गाड्यांना मागे पिंपाएवढे टायर कशाला? कारण रबर विटेसारखं वागत नाही. दर चौरस इंचावरचा भार वाढला की रबराची पकड त्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. तोच भार जास्त रबरावर पसरला तर पकड जास्त मिळते. शिवाय टायर रुंद असला की मऊ रबर वापरता येतं, आणि कमी हवेवर ते रस्त्याला चिकटून बसतं.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ रस्ता आणि पाव मैल, म्हणजे 1320 फूट. वळण नाही. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने 1951 पासून या खेळाला शिस्त लावली. 1970 मध्ये त्यांनी ‘प्रो स्टॉक’ हा वर्ग सुरू केला. त्यातल्या गाड्या दिसायला शोरूममधल्या, पण मागची चाकं राक्षसी. ऐंशीच्या दशकात हौशी लोकांनी हेच रूप रोजच्या रस्त्यावर आणलं आणि त्याला ‘प्रो स्ट्रीट’ म्हणू लागले.

आता हा टायर बसवायचा कुठे? प्रो स्ट्रीटवाल्यांचा एक आवडता टायर 31 इंच उंच आणि साडेअठरा इंच रुंद, म्हणजे सुमारे 47 सेंटीमीटर. आपल्याकडच्या छोट्या गाडीचा टायर साधारण 165 मिलीमीटरचा. तसे जवळपास तीन टायर शेजारी शेजारी लावले की याची रुंदी भरते. तो बाहेर काढला तर गाडी बेडकासारखी दिसते, म्हणून आत घ्यायचा. आत मात्र आधीच गर्दी असते: चाकावरचा पत्रा, चॅसीचे दांडे, पाटे, मागची सीट, डिकी. थोडी जागा हवी असेल तर चॅसीला हात न लावता चाकावरचा पत्राच दांड्यापर्यंत आत सरकवतात. दोन-चार इंच मिळतात, सीटही वाचते. मोठ्या टायरसाठी मात्र सीटच्या मागून चॅसी कापून नवी, अरुंद चॅसी जोडावी लागते. एक्सलही दोन्ही बाजूंनी कापून आखूड करतात. त्यासाठी फोर्डचा जुना नऊ इंची एक्सल इतका दणकट मानतात, की शेवर्लेच्या कट्टर भक्तांनाही तो आपल्या गाडीखाली चालतो. भक्तीलाही मर्यादा असते.

या सगळ्यानंतर टबाची पाळी येते. टब म्हणजे चाकावर पालथा घातलेला अर्धगोल डबा. तो चाकाची घाण, पाणी आणि जळक्या रबराचा धूर आत येऊ देत नाही, बस्स. नवखा माणूस मात्र सुरुवातच टबापासून करतो, कारण तोच डोळ्यांत भरतो. आधी तो बसवायचा आणि मग टायर त्यात कोंबायचा, ही घाई महागात पडते. जाणता कारागीर स्प्रिंगा काढून ठेवतो, जॅक लावून एक्सल वर टेकेपर्यंत उचलतो, ओळंबा सोडून मधली रेघ आखतो आणि त्या अवस्थेत टायरभोवती पुठ्ठ्याचा नमुना कापतो. रेसचा मऊ टायर वेगात फुगून उंचही होतो, म्हणून भोवती मोकळी जागा ठेवावीच लागते.

टबासाठी अॅल्युमिनियम निवडायचं कारण वजन. तेवढ्याच जाडीचा पत्रा लोखंडी पत्र्याच्या जेमतेम एक तृतीयांश भरतो. पण ताठपणाही एक तृतीयांशच, आणि इथेच गफलत होते. कंपनीने लोखंडी चाकघर नुसतं झाकायला लावलेलं नसतं; मागच्या बाजूच्या पत्र्याला ते आधार देतं, गाडीचा भारही थोडा वाहतं. ते कापून तिथे मिलीमीटरभर जाडीचं अॅल्युमिनियम लावलं तर आधार गेलेलाच असतो. तो नव्या चॅसीने आणि आत उभारलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्याने भरून काढावा लागतो. टबावर भरवसा ठेवून हा खर्च वाचवणाऱ्याची गाडी ताकदीने सुटली की अंग पिळते आणि दारं नीट लागेनाशी होतात.

अॅल्युमिनियम लोखंडाला नेहमीच्या वेल्डिंगने जोडता येत नाही. जोडावर काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. म्हणून रिबिटा मारतात, किंवा जिथे पत्रा पुन्हा काढावा लागेल तिथे पाव फेऱ्यात सुटणारे खटके लावतात. पातळ पत्रा थरथरू नये म्हणून त्यावर उठाव काढतात, घरातल्या पत्र्याच्या पिंपावर गोल कडी असतात तसे. उठाव नसले तर रिबिटांच्या भोकांभोवती चिरा पडतात. दोन धातूंच्या मध्ये रंग आणि सीलंटचा थरही हवा. ओल लागली की लोखंडाच्या संगतीत अॅल्युमिनियमच आधी झिजतं, पांढरी भुकटी सुटते. कोकणच्या खाऱ्या हवेत खिडक्यांच्या चौकटी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे असली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर ठाम शिक्कामोर्तब केलं. पाव मैलाची हौस धावपट्टीवर भागते. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’च्या शर्यती झाल्या आहेत.

पहिली धाव संपवून परतल्यावर कारागीर वेळेची चिठ्ठी नंतर वाचतो. आधी टॉर्च घेऊन चाकाशेजारी आडवा होतो आणि चकचकीत टबाच्या आत कुठे काळा ओरखडा उठलाय का ते शोधतो.