उसवता येणारी भेट

बाळंतविड्यात झबली, दुपटी, लंगोट आणि कुंची यांच्या जोडीला लोकरीचा स्वेटर, टोपडे आणि पायमोजे असतात. पहिल्या चार वस्तू बहुधा कापडातून कापून शिवलेल्या असतात, शेवटच्या तीन विणलेल्या. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक फार खोल जातो. शिवणात कात्री एकदा चालली की कापडाचा आकार कायमचा ठरतो. सुयांवरच्या विणकामात कात्रीला कामच नसते. एकच धागा स्वतःच्या फासांतून ओवला जात वाढतो आणि शेवटच्या फासातून तो मोकळा केला, तर सगळी वस्तू पुन्हा धागा होते. हाताने विणलेल्या भेटीबद्दल बोलताना आपण माया आणि ऊब या शब्दांपाशी थांबतो. ते शब्द खरे आहेत, पण माया शिवलेल्या दुपट्यातही असते. विणलेल्या भेटीचे वेगळेपण तिच्या रचनेत आहे. ती पुन्हा हातात घेता येते, मोठी करता येते, उसवून नवी करता येते. त्यामुळे वस्तू दिल्यानंतरही देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, आणि हेच तिचे मोठे मोल आहे असे मला वाटते.

सुयांवरच्या कामाचा पाया दोनच टाक्यांचा आहे, सुलट आणि उलट. जाळी, वेणी, उभ्या रेघांची पट्टी असे सगळे नमुने या दोघांच्या अदलाबदलीतून, टाके वाढवून, घटवून किंवा त्यांची जागा बदलून निघतात. मनगटाला आणि कमरेला एक सुलट, एक उलट अशी वीण घालतात, कारण ती ताणली जाते आणि सोडली की आवळते. आपल्याकडच्या सुयांवर अजून जुने ब्रिटिश क्रमांक सापडतात. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची, तर १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची. बारीक लोकरीवर १० सेंटिमीटरच्या चौकोनात २८ टाके आणि ३६ ओळी बसतात असे धरले, तर त्या चौकोनात १,००८ टाके होतात. तान्ह्या बाळाच्या स्वेटरला असे सतरा चौकोन लागले, तर टाक्यांची संख्या सतरा हजारांवर जाते. पण श्रमाच्या या आकड्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यातला प्रत्येक टाका परत सोडवता येतो. वरून खाली विणलेली बाही आखूड झाली, तर मनगटाची पट्टी उसवून मोकळे टाके सुईवर घेता येतात आणि आणखी काही ओळी घालून पट्टी पुन्हा विणता येते. स्वेटर अगदीच लहान झाला, तर शिवण उकलून तो पूर्ण उसवायचा. कुरळा झालेला धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करायची, ती चार ठिकाणी सैल बांधून धुवायची आणि ओली असताना खाली थोडे वजन अडकवून वाळत घालायची. वळ्या बऱ्याच अंशी जातात आणि धाकट्या भावंडासाठी नवा स्वेटर सुरू होतो. लोकर कमी पडली तर मध्ये दुसऱ्या रंगाचा पट्टा येतो. अनेक घरांतल्या दोन रंगी स्वेटरांमागे सौंदर्यदृष्टीइतकाच हा हिशोब असतो. कारखान्यात विणलेले कापड जेव्हा कापून शिवतात, तेव्हा कडेला प्रत्येक ओळीचा धागा तुटलेला असतो. ते उसवले तर हाती तुकडे येतात, गुंडा येत नाही.

खेळण्यांसाठी बहुधा क्रोशा वापरतात. यात सुई एक, तिच्या टोकाला आकडी, आणि एका वेळी प्रायः एकच फास उघडा. साखळी, मुका खांब आणि खांब या तीन गोष्टी आल्या की बरेच काही जमते. जपानमधून जगभर पसरलेल्या अमिगुरुमी पद्धतीची खेळणी जवळजवळ पूर्णपणे मुक्या खांबांची असतात. सुरुवात सहा मुक्या खांबांच्या छोट्या कड्याने होते. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस, असे दर फेरीला सहा वाढवत गेले की सपाट चकती तयार होते. वाढवणे थांबवले की कड वळून वाटी होते, आणि घटवत नेले की वाटी मिटून चेंडू होतो. सहापेक्षा बऱ्याच जास्त वाढवले, तर कापडाला झालर पडते. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये याच गुणाचा उपयोग करून अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीचे पृष्ठ क्रोशाने विणले आणि विद्यार्थ्यांना हाताळायला दिले. म्हणजे सशाचे डोके विणणारी व्यक्ती टाके मोजता मोजता पृष्ठाची वक्रता ठरवत असते. चांगल्या खेळण्याच्या मागे आणखीही विचार असतो. धाग्याला साजेशा सुईपेक्षा थोडी बारीक सुई घ्यायची, म्हणजे वीण घट्ट बसून आतले भरण बाहेर डोकावत नाही. मूल तीन वर्षांहून लहान असेल तर डोळ्यांना बटणे किंवा मणी लावायचे नाहीत, धाग्यानेच डोळे भरायचे. हात-पाय ओढून पाहायचे. आणि वर्षभराच्या ओढाताणीनंतर कान निखळला, तर तो पुन्हा विणून त्याच जागी जोडता येतो. साच्यात घडवलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुलीला ही सोय क्वचितच असते.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा आहे: लुधियानातल्या कारखान्यांतून तयार स्वेटर स्वस्तात मिळत असताना आठवडेच्या आठवडे सुया का चालवाव्यात? कधीकधी नुसती लोकरच तयार स्वेटरपेक्षा महाग पडते, हेही खरे. पण हा प्रश्न आजचा नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात विल्यम ली यांनी मोजे विणण्याचे यंत्र १५८९ मध्ये बनवले. यंत्रमाग त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १७८५ च्या सुमारास आला. हातविणकामाला यंत्राशी चार शतकांहून अधिक काळ स्पर्धा करावी लागली आहे. किमतीत ते केव्हाच हरले, तरी घराघरांत टिकले. याचा अर्थ ते किमतीसाठी टिकलेले नाही. ठरावीक मापांच्या बाहेरचे एखादे शरीर, आजारपणात सुजलेली पावले, मुलाला हवा असलेला नेमका निळा हत्ती, यांना यंत्राकडे उत्तर नसते असे नाही. पण एका नगासाठी ते उत्तर शोधणे यंत्राला परवडत नाही. हाताला एक नग आणि शंभर नग यांत असा भेद करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे काम पिढ्यानपिढ्या बायकांनी फुकट केले, आणि त्याला माया म्हणून त्या श्रमांचे मोल झाकले गेले, असे म्हटले जाते. यात पुष्कळ तथ्य आहे. आंध्रातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमुळे क्रोशाची लेस रुजली आणि पुढे तिची निर्यात वाढली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की दिवसातले कितीतरी तास विणणाऱ्या तिथल्या बायकांना कामगार न मानता फावल्या वेळात हात चालवणाऱ्या गृहिणी मानले जाई, आणि त्यामुळेच त्यांची मजुरी अत्यल्प राही. क्रोशाचे काम हुबेहूब करणारे यंत्र बाजारात रूढ झालेले नाही. क्रोशासारखी दिसणारी यंत्राची कापडे वेगळ्या रचनेची असतात. तेव्हा खऱ्या क्रोशाचे खेळणे अगदी स्वस्तात मिळत असेल, तर कुणाचे तरी हात स्वस्तात घेतले गेले आहेत हे समजून घ्यावे. मात्र या आक्षेपातून विणू नये असा निष्कर्ष निघत नाही. विणकाम विकत घेताना पूर्ण दाम द्यावे, आणि घरात ते एकट्या आजीवर किंवा आईवर सोपवू नये, हा तो निष्कर्ष आहे. दोन टाके मुलग्यांनाही तितक्याच सहज शिकवता येतात.

तिसरा आक्षेप आपल्या हवेचा आणि धाग्याचा. कोकणात, मुंबईत लोकरीचा स्वेटर वर्षातून किती दिवस घालणार? शिवाय आपण ज्याला सर्रास लोकर म्हणतो, ते पुष्कळदा ॲक्रिलिक असते. त्याचे सूक्ष्म तंतू धुण्यातून पाण्यात जातात, आणि ते घाम नीट शोषत नाही. हे दोन्ही मान्य करायला हवे, पण उपाय विणकामातच आहे. उष्ण हवेसाठी सुती धागा घ्यावा, त्याचे टोपडे, मोजे आणि खेळणी उत्तम होतात. पुण्या-नाशिकच्या थंडीसाठी हलका स्वेटर पुरतो. कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या नातवंडासाठी खरी लोकर योग्य, पण ती यंत्रात गरम पाण्याने धुतली तर आटते, हे सोबत लिहून पाठवावे. ॲक्रिलिक वापरलेच, तर ते उसवून पुन्हा विणावे, म्हणजे नवे विकत घ्यावे लागत नाही.

राहिला नावडत्या भेटीचा प्रश्न. विणलेली वस्तू आवडली नाही तरी नाकारणे घेणाऱ्याला जड जाते, आणि देणाऱ्याचे श्रम ओझे होऊन बसतात. उसवण्याचा गुण इथे सर्वांत जास्त कामी येतो, पण त्यासाठी दोघांनी तो मान्य केला पाहिजे. विणणाऱ्याने आधी माप, रंग आणि गरज विचारावी. भेटीसोबत उरलेल्या लोकरीचा लहान गुंडा द्यावा आणि सांगावे, की आखूड झाले, फाटले, आवडले नाही तर परत आणा. घेणाऱ्यानेही संकोच न करता परत न्यावे. असे ठरले की एखादा स्वेटर तिसऱ्या वर्षी मफलर होईल आणि मफलरमधून पुढे एखादा ससा निघेल. आपल्या माणसांना वस्तू देऊन मोकळे होण्यापेक्षा त्यांच्या वाढत्या मापाची आणि बदलत्या आवडीची चौकशी करत राहणे अधिक चांगले. हाताने विणलेली भेट ही चौकशी करायला लावते, म्हणून ती विणायला शिकावे, ती द्यावी आणि वेळ आली की बिनदिक्कत उसवावी.