रस्त्यालगतचे सूक्ष्मकण-प्रदूषण

रहदारीच्या रस्त्यालगत हवेत तरंगणाऱ्या, २·५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या घन व द्रव कणांमुळे होणारे हवेचे प्रदूषण. मनुष्याचा केस सु. ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. नाक व घसा यांत न अडकता ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

जोतिबाचा डोंगर (वाडी रत्नागिरी, जि. कोल्हापूर) या दृष्टीने उद्‌बोधक आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उधळलेल्या गुलालाने येथील पायऱ्या, देवळे व माणसे गुलाबी होतात आणि धूळ म्हटली की तोच डोळ्यांपुढे येतो. परंतु गुलालात वापरल्या जाणाऱ्या मक्याच्या पिठुळ स्टार्चचे कण बहुधा ५ ते २५ मायक्रोमीटर असल्याने ते लवकर खाली बसतात (खनिज भुकटीची भेसळ असल्यास गोष्ट निराळी). खरा सूक्ष्म भाग अदृश्य असून तो घाटातील वाहनांपासून येतो. चढावर इंजिनावर भार पडतो, गर्दीत वाहने थांबतथांबत चालतात व इंधनाचे ज्वलन अपुरे होते. उतारावर ब्रेक झिजतात. त्याच रस्त्याने सासनकाठी पेलत चढणारा भाविक मात्र खोल व जलद श्वास घेत असतो.

डीझेलच्या धुरातील कणाचा गाभा मूलद्रव्यरूप कार्बनाचा, म्हणजे काजळीचा असतो. त्यावर न जळलेले इंधन व वंगण तेल यांतील कार्बनी संयुगे साचतात. बेंझोपायरीन हे त्यांतीलच एक कर्करोगकारक संयुग होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डीझेलचा धूर मानवास कर्करोगकारक ठरविला. ब्रेकच्या अस्तरांतून लोह, तांबे, अँटिमनी व बेरियम, तर टायरांतून जस्त हवेत जाते. जोतिबासारख्या बेसाल्ट व जांभ्याच्या प्रदेशात मातीतच लोह व टिटॅनियम विपुल असल्याने केवळ लोहावरून ब्रेकची झीज ओळखता येत नाही. त्यासाठी तांबे व अँटिमनी यांचे प्रमाण पाहावे लागते. शिशाची खूण आता उपयोगाची नाही, कारण भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

सल्फेट, नायट्रेट व अमोनियम हे घटक बव्हंशी धूरनळीतून थेट बाहेर पडत नाहीत. वायूंच्या विक्रियांनी ते हवेतच तयार होतात. अमोनिया मुख्यतः जनावरांचे मलमूत्र व खते यांपासून येतो. कोल्हापूरच्या परिसरात गळीत हंगामात पाचट जाळल्याने व गुऱ्हाळांच्या चुलाणांमुळे आणखी भर पडते. हा धूर पोटॅशियम व लेव्होग्लुकोसान यांवरून ओळखतात. रस्त्यालगतचे सर्व कण वाहनांच्या माथी मारणे म्हणूनच चुकीचे ठरते.

भारतातील २००९ च्या मानकांनुसार या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घ. मी. हवेत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ पर्यंत खाली आणली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात कोल्हापूर शहराचा समावेश आहे. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत-६ मानकांमुळे इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांवर आले आणि नव्या डीझेल वाहनांना कणगाळण्या बसविणे शक्य झाले. धूर असा घटला, तरी ब्रेक, टायर व रस्ता यांची झीज या गाळण्यांत अडकत नाही. विद्युत् वाहनांतही टायर झिजतातच.