डोके चालते, चाळिशी लागते

गेल्या पावसाळ्यात पन्नाशीच्या एक मावशी चक्कर येते म्हणून माझ्याकडे आल्या. रक्तदाब बराच उतरला होता. गोळ्या त्या रंगावरून ओळखत. या वेळी तीच गोळी दुसऱ्या रंगात मिळाली. मावशींनी ती वेगळी समजून जुनीबरोबर घेतली, म्हणजे दुप्पट झाली.

"मावशी, वाचायला शिका," मी म्हणालो.

"गेले होते की वर्गाला. दोन महिने बसले. डोक्यात काही शिरंना, मग सोडून देलं."

मी वर्तमानपत्र हाती दिले. त्यांनी ते हातभर लांब धरले. मी भिंग लावलेली चौकट डोळ्यांवर चढवताच म्हणाल्या, "आता दिसायलंय की!"

वाचकहो, चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते. दूरचे दिसते, जवळचे अक्षर मात्र पुसट होते. शिकलेला माणूस लगेच चष्मा करतो. न शिकलेल्याला वाटते, आपले डोकेच चालत नाही. शिवाय हसतील ही लाज आणि कापूस वेचणीच्या दिवसांतला थकवा असतोच.

प्रौढ माणूस परीक्षेसाठी शिकत नाही. त्याला गोळीचे पाकीट, एसटीची पाटी, नातवाचे पुस्तक वाचायचे असते. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. पोथी आपल्याला वाचता यावी, ही आज्यांचीच इच्छा होती. वर्ग भरे दुपारी, घरकाम आटोपल्यावर. गरज आपली आणि वेळ सोयीची असली की साठीनंतरही पाटी हातात येते.

घरच्यांनी एवढे करावे :

१) सुईत दोरा ओवता येईना, तांदळातले खडे दिसेनात, तर डोळे तपासून घ्यावेत. अक्षर न येणाऱ्यांसाठी चिन्हांचा तक्ता असतो, संकोच नको.

२) बाजारातला तयार चष्मा तपासणीशिवाय घेऊ नये. मोतीबिंदू, काचबिंदू वा मधुमेह असल्यास तो तसाच राहून जातो.

३) अभ्यास भरपूर उजेडात, रोज थोडाच करावा.

४) पहिला धडा स्वतःच्या नावाचा, दुसरा रोजच्या गोळीच्या नावाचा असावा.

नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील कोणालाही शिकता येते. गावच्या शाळेत चौकशी करावी.

मावशी पुन्हा वर्गाला जाऊ लागल्या. परवा पाकीट पुढे करून त्यांनी गोळीचे नाव मला वाचून दाखवले. हळू वाचले, पण बरोबर वाचले.