रॉटवायलर

रॉटवायलर ही जर्मनीत विकसित झालेली, मोठ्या बांध्याची व बलदंड अशी राखणीच्या कुत्र्याची जात आहे. दक्षिण जर्मनीतील रॉटवाइल या नगरावरून तिला हे नाव मिळाले. मुळात गुरे हाकणे, खाटकांच्या गाड्या ओढणे व मालाची राखण करणे ही या कुत्र्याची कामे होती; विसाव्या शतकात त्याचा उपयोग पोलीस दलात व घरांच्या राखणीसाठी होऊ लागला. महाराष्ट्रात शहरांबरोबरच शेतघरांच्या परिसरातही ही जात पाळली जाते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके अशा परिसराचे ठळक उदाहरण आहेत. तेथील हवामान, वस्तीची रचना व मालकाचे अधूनमधूनचे वास्तव्य यांमुळे या जातीच्या पालनाचे काही विशेष प्रश्न निर्माण होतात.

इतिहास

रॉटवाइल येथे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लष्कराची वसाहत होती. सैन्यासोबत गुरांचे कळप व ते हाकणारे कुत्रे आल्प्स पर्वत ओलांडून आले आणि स्थानिक कुत्र्यांशी त्यांचा संकर होऊन ही जात घडली, असे सामान्यतः मानले जाते. मध्ययुगात रॉटवाइल हे गुरांच्या व्यापाराचे केंद्र होते आणि तेथील खाटीक हे कुत्रे बाळगत. बाजारातून परतताना पैशांची थैली कुत्र्याच्या गळ्यात बांधली जाई, असेही सांगितले जाते.

एकोणिसाव्या शतकात गुरांची वाहतूक रेल्वेने होऊ लागल्यावर या कुत्र्यांचे मूळ काम संपले व त्यांची संख्या घटली. पोलीस दलास बलवान व शिकवण घेणाऱ्या कुत्र्यांची गरज भासू लागल्याने जातीला नवे जीवन मिळाले. १९१० मध्ये जर्मनीत तिला पोलिसी कामासाठी मान्यता मिळाली. १९२१ मध्ये स्थापन झालेली सर्वसाधारण जर्मन रॉटवायलर संघटना आजही जातीचे प्रमाण ठरवते. अमेरिकन केनेल क्लबने १९३१ मध्ये या जातीची नोंद घेतली. 'द ओमेन' (१९७६) या चित्रपटामुळे रॉटवायलरची भीतिदायक प्रतिमा जगभर पसरली. क्रूर दिसणारा कुत्रा हवा म्हणून तो घेणारे मालक वाढले, हा त्या प्रसिद्धीचा एक दुष्परिणाम होय.

शारीरिक वैशिष्ट्ये

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या प्रमाणानुसार नराची खांद्यापर्यंतची उंची ६१ ते ६८ सेंटिमीटर व वजन सुमारे ५० किलोग्रॅम असते. मादीची उंची ५६ ते ६३ सेंटिमीटर व वजन सुमारे ४२ किलोग्रॅम असते. रंग काळा असून गाल, थूथन, छाती, पाय व डोळ्यांच्या वर ठळक तांबूस-तपकिरी खुणा असतात. डोके रुंद, छाती खोल व केस दुहेरी थराचे असतात. पूर्वी शेपूट कापण्याची प्रथा होती; जर्मनीत १९९८ च्या कायद्याने ती बंद झाली व जातीच्या प्रमाणातही नैसर्गिक शेपूटच मान्य आहे. आयुर्मान साधारणतः आठ ते दहा वर्षे असते.

स्वभाव

प्रमाणाप्रमाणे वाढवलेला रॉटवायलर शांत, आत्मविश्वासू, घरच्यांविषयी निष्ठावान व अनोळखी व्यक्तींविषयी राखून वागणारा असतो. तो फारसा भुंकत नाही. आगंतुकास प्रथम न्याहाळणे, त्याच्या वाटेत उभे राहणे व घोगऱ्या आवाजात गुरगुरणे हा त्याच्या राखणीचा क्रम होय. गुरे हाकताना त्यांना अंगाने रेटण्याची सवय वंशात असल्यामुळे तो माणसांनाही रेटतो. त्यात राग नसला तरी लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती पडू शकते.

हा स्वभाव जन्मतः पूर्ण तयार नसतो. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या ते सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखीचा काळ मानला जातो. या काळात जे दिसते, ऐकू येते व हाताळते ते पिल्लाला पुढे स्वाभाविक वाटते. जे अनुभवास येत नाही त्याची भीती उरते. पिल्लू आठ आठवड्यांचे होऊन घरी येते, तेव्हा मालकाच्या हाती यांपैकी सुमारे सहाच आठवडे राहतात. एखाद्या आवारातच वाढलेल्या कुत्र्यास डोक्यावर मोळी घेतलेली स्त्री, घोंगडी पांघरलेला गुराखी, काठी टेकणारा वृद्ध किंवा धावणारी शाळकरी मुले या गोष्टी विचित्र व धोक्याच्या वाटू शकतात. कुत्र्याच्या चाव्यामागे अनेकदा धैर्य नसून अशी भीतीच असते.

कुत्र्यास उपाशी ठेवले, मारले किंवा सतत साखळीला बांधले म्हणजे तो अधिक चांगला राखणदार होतो, ही समजूत चुकीची आहे. अशा वागणुकीने कुत्रा आगंतुक व पाहुणा यांतील फरक करणे विसरतो. राखणीचे मूल्य मात्र त्या फरकातच आहे.

कर्जत व खालापूरमधील परिस्थिती

कर्जत हे मध्य रेल्वेवरील स्थानक मुंबईपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. उल्हास व पाताळगंगा या नद्यांची खोरी, माथेरानचा डोंगर व सह्याद्रीचा पायथा यांमुळे या भागात मुंबई व पुण्यातील रहिवाशांनी अनेक शेतघरे बांधली आहेत. अशा घरांत मालक बहुधा आठवड्याच्या शेवटी येतो व इतर दिवशी राखणदाराचे कुटुंब राहते. परिणामी कुत्र्याचा कायदेशीर मालक एक व रोजचा सांभाळकर्ता दुसरा, अशी विभागणी होते.

ही विभागणी रॉटवायलरच्या बाबतीत निर्णायक ठरते. कुत्रा ज्याच्याकडून अन्न घेतो, ज्याच्यासोबत फिरतो व ज्याच्या सूचना रोज ऐकतो त्यालाच मानतो. राखणदारास कुत्र्याची भीती वाटत असेल, तर तो त्याला दिवसभर बांधून ठेवतो व अंधार पडल्यावरच सोडतो. अशा कुत्र्यास व्यायाम व शिकवण दोन्ही मिळत नाहीत. म्हणून पिल्लू घेण्यापूर्वी राखणदाराची संमती घेणे, त्याला शिकवणीच्या वेळी सोबत ठेवणे व वाढीव कामाचा मोबदला ठरवणे हे पालनाचेच भाग ठरतात. त्याच्या घरात लहान मुले असल्यास कुत्रा व मुले यांना देखरेखीविना एकत्र सोडू नये.

शेतघरांच्या कुंपणालगत गावे, तसेच ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. शाळेची, पाणवठ्याची व गुरांची वाट कुंपणाजवळून जात असल्यास जबाबदारी वाढते. सुमारे सहा फूट उंचीची भिंत किंवा जाळी, आपोआप बंद होणारे दार व आतल्या बाजूस दुसरे दार असल्यास दूधवाला, वीजमापक वाचणारा कर्मचारी किंवा पाहुणा आत येताना कुत्रा बाहेर निसटत नाही. सूचनाफलक मराठीत व ठळक असावा. मात्र त्यामुळे मालकाची जबाबदारी संपत नाही.

हवामान

एप्रिल-मे महिन्यांत या भागातील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. हवेत दमटपणा असल्यास हा उपाय अपुरा पडतो. काळा रंग, दाट केस व मोठे शरीर यांमुळे रॉटवायलरला उष्माघाताचा धोका अधिक असतो. फेरफटका सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर द्यावा. पत्र्याच्या छपराखालील बंद खोली टाळावी. अखंड धापा, चिकट लाळ, तोल जाणे व ओकारी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी अंगावर साधे पाणी ओतत, वारा घालत पशुवैद्यकाकडे न्यावे.

पावसाळ्यात येथे सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओल्या केसांमुळे त्वचेचे विकार होतात, तर उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हा रोग माणसांनाही होतो. गोचिडांमुळे बेबेसिया व एर्लिकिया या रक्तातील रोगांचा प्रसार होतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या विषारी सापांचा वावर असल्याने घराभोवतीचे गवत कापणे व उंदरांचा बंदोबस्त करणे कुत्र्याच्याही हिताचे असते.

बिबट्याचा धोका

मोठा कुत्रा बिबट्याला पळवून लावेल, असा समज आढळतो. प्रत्यक्षात कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव व मोकाट कुत्र्यांचा आढळला. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उघड्यावर साखळीने बांधलेल्या कुत्र्यास पळताही येत नाही व लढताही येत नाही. म्हणून डोंगरालगतच्या शेतघरांत रात्री कुत्र्यास छप्पर असलेल्या, सर्व बाजूंनी जाळीबंद जागेत ठेवणे योग्य ठरते.

आरोग्य व आहार

नितंबाच्या व कोपराच्या सांध्यांतील दोष, हृदयाच्या महाधमनीतील अरुंदपणा व हाडांचा कर्करोग हे विकार या जातीत तुलनेने अधिक आढळतात. पार्व्हो या विषाणूजन्य रोगालाही तिची पिल्ले लवकर बळी पडतात, त्यामुळे लसीकरण वेळेवर होणे आवश्यक असते. रेबीजची लस वयाच्या तीन महिन्यांनंतर देतात व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती नियमित पुन्हा द्यावी लागते.

वाढत्या पिल्लास जादा कॅल्शियम दिल्यास हाडे मजबूत न होता त्यांची वाढ बिघडते. सुमारे दीड वर्षापर्यंत उंच उड्या व जिने टाळावेत. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पीळ पडण्याचा विकार उद्भवतो: पोट टम्म होते, कुत्रा ओकण्याचा प्रयत्न करतो पण काहीच पडत नाही. यात काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास मृत्यू ओढवतो. शस्त्रक्रियेची सोय असलेले जवळचे रुग्णालय व तेथे जाण्यासाठी रात्री मिळणारे वाहन यांची माहिती शेतघरातील राखणदाराकडे आधीपासून असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. दिवसाचा आहार दोन-तीन वेळांत विभागणे व जेवणानंतर लगेच धावू न देणे, हे प्रतिबंधाचे सोपे उपाय होत.

कायदेशीर बाबी

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार प्राण्यास अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे, तसेच नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे ही क्रूरता ठरते. श्वानप्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ पाळीव प्राण्यापासून मानवी जीवितास संभवणारा धोका टाळण्यात हयगय करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने रॉटवायलरसह २३ जातींची आयात, प्रजनन व विक्री थांबवण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता निर्णय घेतल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केले. अन्य देशांतही एकमत नाही. ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्यातील बंदीच्या यादीत रॉटवायलर नाही, तर आयर्लंडमध्ये सार्वजनिक ठिकाणी त्याला मुसके व आखूड दोरी बंधनकारक आहे.

अमेरिकेतील १९७९ ते १९९८ या काळातील प्राणघातक हल्ल्यांच्या अभ्यासात पिट बुल प्रकारचे कुत्रे व रॉटवायलर यांचा निम्म्याहून अधिक मृत्यूंशी संबंध आढळला. तथापि किमान २५ जातींचा अशा घटनांत सहभाग होता. प्रत्येक जातीचे एकूण किती कुत्रे आहेत याची खात्रीशीर गणना नसल्याने जातींचा तुलनात्मक धोका काढता येत नाही, असे अभ्यासकांनी नोंदवले. एवढे मात्र निर्विवाद आहे, की ५० किलोग्रॅमच्या कुत्र्याकडून झालेली चूक लहान कुत्र्याच्या चुकीपेक्षा कितीतरी गंभीर असते.

चावा घेतल्यास

कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी जखम वाहत्या पाण्याने व साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काही लावू नये. जखमीस विलंब न करता सरकारी रुग्णालयात न्यावे. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही आवश्यक असते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही, मात्र वेळेवर घेतलेले उपचार रोग टाळतात.

निवड

भारतीय केनेल क्लबचे प्रमाणपत्र वंशावळ दाखवते. ते स्वभावाची वा आरोग्याची हमी नसते. पिल्लू निवडताना त्याची आई प्रत्यक्ष पाहणे, तिचे अनोळखी माणसांशी वागणे तपासणे व सांध्यांच्या तपासणीचे अहवाल मागणे उपयुक्त ठरते. रोज किमान तासभर व्यायाम, सातत्याने शिकवण व आठवड्याचे सातही दिवस कुत्र्याला ओळखणारा माणूस यांची सोय नसलेल्या शेतघरासाठी ही जात योग्य नाही. केवळ आगंतुकाची चाहूल लागावी एवढीच गरज असल्यास येथील हवेला सरावलेला, लसीकरण व नसबंदी केलेला गावठी कुत्रा ती पूर्ण करतो.